खग्रास चंद्रग्रहणाचे फोटो: लाल चंद्र पुसट का आला, आणि संपादनात हात किती घालावा?

प्रश्न: गढीवाला (उदगीर परिसर)

सर्वांना नमस्कार. गेल्या रविवारी, म्हणजे ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री झालेल्या खग्रास चंद्रग्रहणाचे फोटो मी आमच्या गावातील घराच्या गच्चीवरून काढले, आणि त्यांतील जवळजवळ निम्मे वाया गेले असे दिसते. नेमके काय चुकले आणि हाती असलेल्या फाइलींमधून अजून काही वाचवता येईल का, हे जाणकारांकडून समजून घ्यावे म्हणून जरा सविस्तर लिहीत आहे.

कॅमेरा क्रॉप सेन्सरचा (म्हणजे लहान आकाराच्या सेन्सरचा), २४ मेगापिक्सेलचा आहे. लेन्स ७०-३०० मिमीची, साधीच. ट्रायपॉड लग्नाचे शूटिंग करणाऱ्या मित्राकडून मागून आणलेला. आदल्याच दिवशी गणपती बोळवले होते आणि रविवारी दिवसभर आभाळ भरलेले होते, त्यामुळे काही दिसेल अशी आशा नव्हती. परंतु रात्री साडेनऊच्या सुमारास ढग फाटले. ९ वाजून ५७ मिनिटांनी स्पर्श झाला, तेव्हापासून अकरापर्यंतचे फोटो समाधानकारक आहेत. उजळ भागावरील विवरे, सावलीची गोलसर कड, सारे स्वच्छ आले आहे. ११ वाजून १ मिनिटाने चंद्र पूर्ण सावलीत गेल्यावर मात्र पडद्यावर काहीच दिसेना, म्हणून शटर २ सेकंदांवर नेले, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) ८०० ठेवला आणि लेन्सचे छिद्र एफ/५.६ वर ठेवून फोटो काढत राहिलो. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर ते छान दिसत होते. दुसऱ्या दिवशी संगणकावर उघडले, तर चंद्राच्या जागी उकडलेल्या रताळ्याच्या फोडीसारखा लांबट नारिंगी गोळा निघाला. ११:०५ च्या फोटोंत तर चंद्राची खालची कड पार जळालेली आहे. शिवाय रंगही एकसारखा नाही. एका फोटोत चंद्र विटकरी, पुढच्यात गुलाबी, त्याच्या पुढच्यात मातकट.

दुसरा प्रश्न संपादनाचा आहे. आमच्या गावात जुनी गढी आहे. बुरूज ढासळले आहेत, पण पूर्वेची भिंत अजून उभी आहे. ज्या मित्राचा ट्रायपॉड आणला होता, त्याने माझ्याच फोटोतील चंद्र कापून, चौपट मोठा करून गढीच्या बुरुजाला टेकवला, मागे आकाशगंगा टाकली आणि तो फोटो गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पाठवला. लोकांनी त्याची वाहवा केली, आणि माझा खरा फोटो पाहून ‘एवढाच का दिसतो चंद्र?’ असे विचारले. गढी आणि ग्रहण यांचा एकत्र फोटो मलाही हवा आहे, पण तो असा नको. त्याला काही मार्ग आहे का?

घरात वेध पाळले जात असल्यामुळे आमचे जेवण दुपारी साडेबाराच्या आत उरकले होते. ग्रहणात यंत्र चालवले म्हणून फोटो बिघडले, असे आजीचे निदान आहे.

प्रतिसाद: बालाघाटी (अंबाजोगाई)

आजींना नमस्कार सांगा. यंत्र चालवल्याने काही बिघडले नाही, बिघडले ते २ सेकंदांमुळे.

ट्रायपॉड कितीही भक्कम असला तरी पृथ्वी फिरतच असते, आणि तिच्या फिरण्यामुळे आकाशातील कोणतीही गोष्ट दर सेकंदाला सुमारे १५ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) सरकते. चंद्राचा व्यास अर्धा अंश, म्हणजे साधारण १,८०० विकला. तेव्हा दोन मिनिटांत चंद्र स्वतःच्या व्यासाएवढा पुढे जातो. आता तुमच्या कॅमेऱ्याचा हिशोब करू. लेन्सच्या नाभीय अंतराला ११० ने भागले की सेन्सरवर चंद्र केवढा पडेल ते मिळते. ३०० मिमीला ते २.७ मिमी येते आणि २४ मेगापिक्सेलच्या क्रॉप सेन्सरवर त्याचे साधारण ७०० पिक्सेल होतात. म्हणजे एका पिक्सेलच्या वाट्याला अडीच-पावणेतीन विकला आल्या. दोन सेकंदांत चंद्र ३० विकला सरकला, तर फोटोत तो १०-११ पिक्सेल फराटला. तुमचे रताळे ते हेच. पाव सेकंदात हीच फरफट जेमतेम दीड पिक्सेलाची होते, अर्ध्या सेकंदात तीनच्या आत राहते. चंद्राच्या मागे सरकणारे माउंट नसेल, तर ३०० मिमीवर अर्ध्या सेकंदाच्या पुढे जाऊ नये, आणि कमी पडलेला प्रकाश आयएसओ वाढवून भरून काढावा. २ सेकंद आणि आयएसओ ८०० यांनी जो उजेड मिळतो, तोच अर्धा सेकंद आणि आयएसओ ३२०० यांनी मिळतो. फोटोत दाणे येतील, पण दाणे नंतर काढता येतात. फराटलेली विवरे परत येत नाहीत.

चंद्रग्रहणाच्या फोटोत नवखे लोक जिथे फसतात ती जागा हीच आहे, म्हणून थोडे अधिक लिहितो. पौर्णिमेचा चंद्र म्हणजे उन्हात पडलेला दगड होय. त्याला एफ/८, आयएसओ १०० आणि सेकंदाचा २५० वा भाग पुरतो. तोच चंद्र खग्रासात गेल्यावर एफ/५.६, आयएसओ १६०० आणि १ सेकंद लागतो. गुणाकार करून पाहा: छिद्रामुळे दुप्पट, आयएसओमुळे १६ पट, शटरमुळे २५० पट, एकूण ८,००० पट. दोन तासांच्या आत एकाच वस्तूचा उजेड इतका उतरतो, आणि आपला डोळा मात्र सवयीने जुळवून घेत असल्यामुळे आपल्याला तो फरक एवढा मोठा वाटत नाही. म्हणूनच ग्रहणात कॅमेऱ्याला स्वयंचलित ठेवून चालत नाही. दर पाच-सात मिनिटांनी हाताने आकडे बदलत राहावे लागते. खंडग्रासाच्या शेवटी तर पेच असा होतो की, उरलेल्या उजळ कोरीला सेकंदाचा ६० वा भाग पुष्कळ होतो आणि सावलीतल्या भागाला पूर्ण सेकंदही पुरत नाही. अशा वेळी दोन्ही वेगवेगळे काढून ठेवावेत.

११:०५ ची जळालेली कड हा त्याच पेचाचा शेपटाकडचा भाग आहे. या ग्रहणात चंद्र पृथ्वीच्या सावलीच्या मध्यरेषेच्या थोडा दक्षिणेकडून गेला, त्यामुळे त्याची दक्षिणेची कड सावलीच्या काठाजवळ राहिली आणि उत्तरेचा भाग अधिक खोल बुडाला. उजेड पाहण्यासाठी कॅमेऱ्यात जो आलेख दिसतो, तो तिन्ही रंगांचा वेगवेगळा दाखवायला लावा. लाल चंद्रात एकत्रित आलेख ठीक दिसत असतानाच लाल रंगाचा आलेख उजव्या भिंतीला जाऊन आपटलेला असतो, आणि तेवढा भाग पुढे कोणत्याही संपादनाने परत मिळत नाही.

बाकी किरकोळ गोष्टी: ट्रायपॉडवर असताना लेन्समधील कंपनरोधक बंद करावे, बटण दाबण्याऐवजी २ सेकंदांचा टायमर लावावा, आणि फोकस ग्रहण लागण्यापूर्वीच चंद्राच्या कडेवर पडदा दहापट मोठा करून हाताने जुळवून ठेवावा, कारण खग्रासात स्वयंचलित फोकस अंधारात चाचपडत राहतो. सप्टेंबरात आपल्याकडे रात्री लेन्सवर दव धरते. माझे १२ नंतरचे सगळे फोटो त्यानेच धुरकट झाले आणि मला ते घरी गेल्यावर कळले, तेव्हा तुम्ही एकटे नाही.

प्रतिसाद: स्टुडिओवाला (नांदेड)

मी लग्नाचे अल्बम करणारा माणूस आहे. खगोलशास्त्र वरच्या सदस्यांनी सांगितले, मी फक्त संपादनाचे बोलतो.

रंग एकसारखे न येण्याचे कारण स्वयंचलित व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याने आपणहून रंग जुळवणे. कॅमेऱ्याला लाल चंद्र दिसला की त्याला वाटते, हॉलमधला पिवळा बल्ब लागलेला आहे, आणि तो आपल्या परीने लाली कमी करू लागतो. प्रत्येक फोटोत त्याचा अंदाज वेगळा निघतो. तुम्ही रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइली काढल्या असतील तर काहीही नुकसान झालेले नाही. डार्कटेबल किंवा रॉथेरपी ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. त्यांपैकी एकात सगळ्या फाइली उघडा, पहिल्या फोटोचे रंगतापमान दिवसाच्या उजेडाचे, म्हणजे ५,२०० केल्विनच्या आसपास ठेवा आणि तीच मांडणी सर्व फाइलींवर चिकटवा. स्पर्शापासून मोक्षापर्यंत एकच आकडा. फक्त जेपेग असतील, तर मात्र एकेका फोटोशी झटापट करावी लागेल आणि तरीही रंग जुळतीलच असे नाही.

दाणे घालवण्यासाठी सॉफ्टवेअरमधील गुळगुळीत करणारी पट्टी ओढू नका. नवरीच्या चेहऱ्यावर ती चालते, चंद्रावर तिने विवरे पुसली जातात. त्याऐवजी एका मिनिटात काढलेले १०-१५ फोटो एकमेकांवर रचा. १६ फोटो रचले की दाणे एक चतुर्थांश होतात, कारण खरा तपशील प्रत्येक फोटोत त्याच जागी असतो आणि दाणे दर वेळी वेगळ्या जागी पडतात. ऑटोस्टॅकर्ट किंवा सिरिल हे काम करतात. एक सावधगिरी बाळगावी लागते: चंद्र ताऱ्यांच्या तुलनेतही तासाला साधारण स्वतःच्या व्यासाएवढा सरकतो, त्यामुळे दहा-पंधरा मिनिटांचे फोटो चंद्र जुळवून रचले तर आजूबाजूचे तारे रेघोट्या होतात, आणि तारे जुळवले तर चंद्र फराटतो.

फराटलेले फोटो फेकू नका. चंद्र ७०० पिक्सेलांचा आहे, तो २३० पर्यंत लहान करा. ११ पिक्सेलांची फरफट साडेतीनवर येईल. मोबाइलवर पाहायला आणि पोस्टकार्डाएवढ्या छपाईला तेवढे चालून जाते. भिंतीवर लावायचा मोठा फोटो मात्र यातून होणार नाही.

एक गोष्ट न विचारता सांगतो. संपादन करताना रंगाची पट्टी थोडी वाढवावीशी वाटते, वाढवा. पण वरचा भाग काळसर आणि खालची कड उजळ, हा फरक सपाट करून टाकू नका. फोटोतून सावली किती खोल होती हे त्यावरूनच कळते. अल्बममध्ये मी रोज चेहरे उजळ करतो, तो धंदा आहे. इथे गिऱ्हाईक कोण आहे?

प्रतिसाद: भूगोलाची शिक्षिका (परभणी)

तुमच्या मित्राचा फोटो मी पाहिलेला नाही, परंतु तो खरा नाही हे न पाहताही सांगता येते. त्या रात्री चंद्र खग्रास असताना, म्हणजे अकरा ते सव्वाबाराच्या दरम्यान, मराठवाड्यातून तो क्षितिजापासून सुमारे ६० ते ६५ अंशांवर होता. मान पुरती वर करून पाहावे लागेल इतका उंच. गढीच्या बुरुजाला टेकलेला लाल चंद्र त्या रात्री गढीपासून दूर उभ्या असलेल्या कोणालाही दिसलेला नाही. आकाशगंगेचा पट्टाही तेव्हा पश्चिमेकडे झुकलेला होता आणि चंद्र दक्षिणेला, कुंभ राशीत होता. तेव्हा मित्राने चंद्राच्या मागे आकाशगंगा टाकली असेल, तर ती आणखी एक चूक झाली.

गढी आणि चंद्र एकाच फोटोत घ्यायचे असते तर १८ मिमीची लेन्स आणि कॅमेरा उभा, एवढा एकच मार्ग होता. अशा मांडणीत क्रॉप सेन्सरवर खालून वर साधारण ६६ अंश मावतात, म्हणजे गढी तळाशी आणि चंद्र अगदी वरच्या काठाशी. परंतु १८ मिमीवर चंद्र केवळ ४० पिक्सेलांचा येतो, म्हणून लोकांना तो ‘एवढाच’ वाटतो. मी तर म्हणेन की त्यात काही कमीपणा नाही. त्या रात्री गढीवरचे चांदणे हळूहळू विझत गेले आणि पौर्णिमा असूनही तारे उगवले, ही गोष्ट रुंद फोटोतच दिसते. तुमच्याकडे असे फोटो नसतील, तर निदान त्याची खंत तरी योग्य गोष्टीची करा.

अनेक फोटो एकत्र करण्याला माझा विरोध नाही. माझ्या वर्गासाठी मी स्वतः तसा एक केला. खंडग्रासाचे सहा-सात चंद्र घेतले, सर्वांचा आकार एकच ठेवला, उत्तर वर करून घेतली (आकाशात चंद्र चढतो तसा तो आपल्या नजरेला थोडा फिरलेलाही दिसतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही) आणि प्रत्येक चंद्रावरची सावलीची कड एकाच मोठ्या वर्तुळात बसेल अशा रीतीने ते कागदावर मांडले. मग ते मोठे वर्तुळ पेन्सिलीने पूर्ण केले. ते चंद्राच्या सुमारे पावणेतीन पट भरले. चंद्राच्या अंतरावर पृथ्वीची दाट सावली किती रुंद असते, ते आठवीच्या मुलांनी पट्टीने मोजले. पृथ्वी गोल असल्याचा पुरावा म्हणून अ‍ॅरिस्टॉटलने सावलीच्या याच गोल कडेकडे बोट दाखवले होते. असा फोटो जोडलेलाच असतो, पण जोडलेला आहे हे तो लपवत नाही. तुमच्या मित्राने खाली एक ओळ लिहिली असती, तर माझी तक्रार निम्मी झाली असती. उरलेली निम्मी चौपट चंद्राबद्दल आहे.

अकराच्या आधीच्या चार-पाच मिनिटांचा एखादा फोटो असेल तर तो जपून पाहा. सावलीच्या काठावर लाल आणि पांढऱ्याच्या मध्ये निळसर पट्टा दिसतो का ते शोधा. पृथ्वीच्या वातावरणाच्या खालच्या थरांतून गाळून आलेला प्रकाश लाल होतो. वरच्या ओझोनच्या थरातून जाणाऱ्या किरणांतील लाल भाग ओझोन शोषून घेतो, त्यामुळे त्यांनी उजळलेला सावलीचा काठ निळा दिसतो.

उत्तर: गढीवाला

आपण सर्वांनी एवढ्या आस्थेने लिहिले, मनापासून आभार. फाइली रॉ निघाल्या, हे माझे नशीब. डार्कटेबलमध्ये सर्वांना ५,२०० केल्विन लावल्यावर गुलाबी आणि मातकट चंद्र गेले, सगळे एका रांगेत विटकरी झाले. ११:३८ च्या सुमाराचे, शटर २ सेकंदांवरच असलेले १४ फोटो रचून आणि लहान करून एक बरा चंद्र तयार झाला आहे. वरची बाजू काळसर आहे, ती तशीच ठेवली. ११:०५ चे फोटो गेले ते गेले.

१०:५७ च्या फाइलीत निळी कड सापडली. चंद्राच्या अगदी खालच्या बाजूला उरलेल्या पांढऱ्या कोरीला लागून, नखावरच्या रेषेएवढी, फिकट आकाशी. स्वयंचलित रंगात ती करडी होऊन गेली होती, म्हणून मला आधी दिसलीच नाही. आजीलाही दाखवली. तिने चष्मा पुसून दोनदा पाहिली आणि हे कोणी रंगवले, असे विचारले.

गढीचा रुंद फोटो माझ्याकडे नाही. तो आता कधी मिळेल?

प्रतिसाद: बालाघाटी (अंबाजोगाई)

गढीला टेकलेला मोठा चंद्रच हवा असेल, तर तो खोटेपणा न करताही मिळतो, मात्र चंद्र क्षितिजाजवळ असला पाहिजे आणि तुम्ही गढीपासून लांब गेले पाहिजे. एक किलोमीटरवरून पाहिले तर चंद्राचा व्यास गढीच्या ९ मीटर उंच भिंतीएवढा दिसतो. चंद्र मोठा होत नाही, गढी लहान होते.

येत्या ३ मार्च २०२६ ला, फाल्गुन पौर्णिमेला खग्रास चंद्रग्रहण आहे. आपल्याकडे खग्रास अवस्था दिसणार नाही, ती सायंकाळी साडेपाचच्या सुमारास संपते आणि तेव्हा चंद्र क्षितिजाखाली असतो. पण उगवताना त्याची एक कड अजून सावलीत असेल, आणि मोक्ष ६:४७ च्या आसपास आहे. उदगीरकडे चंद्रोदयापासून साधारण पंधरा-वीस मिनिटे हाताशी येतील. पहिली काही मिनिटे तो होळीच्या दिवसांतल्या धुराळ्यात दिसणारही नाही. संधिप्रकाश असल्यामुळे गढी आणि चंद्र दोन्ही एकाच एक्सपोजरमध्ये बसतील, ३०० मिमीवर, एकाच फोटोत. चंद्र पूर्वेच्या किंचित उत्तरेला उगवेल. तेव्हा गढीच्या पश्चिमेला, किंचित दक्षिणेकडे सरकून उभे राहण्याची जागा आतापासून शोधून ठेवा.

पूर्ण लाल चंद्रासाठी थांबायचे तर ३१ डिसेंबर २०२८ ची रात्र. पावणेदहा ते अकराच्या दरम्यान खग्रास, आणि आभाळ कोरडे. चंद्र तेव्हाही आकाशात बराच उंच असेल, म्हणजे गढी पुन्हा फोटोबाहेर. त्या दिवसांत गळीत हंगाम चालू असतो, त्यामुळे साखर कारखान्याच्या दिव्यांपासूनही दूर जावे लागेल.

उत्तर: गढीवाला

काल संध्याकाळी पाहून आलो. गढीच्या पश्चिमेला आमच्या भावकीचे रान आहे. फोनमधील नकाशावर ते अंतर ८५० मीटर भरते. सध्या तिथे छातीएवढे सोयाबीन नसले तरी चिखल घोट्यापर्यंत आहे, आणि नेमका मध्ये विजेचा एक खांब येतो. दक्षिणेकडे तीस पावले सरकले की खांब बाजूला होतो. मार्चपर्यंत तिथली ज्वारी निघालेली असेल, तेव्हा काकांना कडब्याची गंजी यंदा बांधाच्या अलीकडे लावू नका एवढे सांगून ठेवले आहे. कशासाठी ते विचारले तेव्हा मी चंद्र म्हणालो, आणि ते बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले.